चारही गिअर उलटे

जुनी स्कूटर न्यायला भंगारवाला सकाळी येणार असं ठरलं होतं, आणि वन्सं म्हणाल्या, "नेऊ दे की. मला काही वाटत नाही."

वहिनींनी हातातला कप खाली ठेवला. आयुष्यभर त्या लोकांच्या तोंडात डोकावत आल्या होत्या. खुर्चीत बसून "नाही हो डॉक्टर, तसं काही दुखत नाही" म्हणणारे पेशंट त्यांनी इतके पाहिले होते, की नुसता सूर कानावर पडला तरी कुठली दाढ आहे ते त्यांना कळायचं. वन्सं अगदी त्याच सुरात बोलल्या होत्या. शिवाय बोलताना खिडकीबाहेर बघत होत्या, आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीखेरीज बघण्यासारखं काहीही नव्हतं.

जिन्याखाली पडलेली स्कूटर वन्संची होती. मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या. गळ्यात शिट्टी, पायात कॅनव्हासचे बूट आणि बुडाखाली ही निळी स्कूटर. त्यांच्या गावात तेव्हा स्कूटरवरून जाणारी बाई दिसली की गिऱ्हाईक हातातला माल टाकून दुकानाबाहेर यायचं. निवृत्त झाल्यावर "आता एकटी राहू नकोस, ताई" म्हणून भावानं त्यांना हट्टानं आपल्याकडे आणलं. मागोमाग टेम्पोतून स्कूटर आली, जिन्याखाली गेली आणि गोणपाटाखाली झाकली गेली. वन्संही तेव्हापासून गप्पच झाल्या. पेपर वाचायच्या, भाजी निवडायच्या, विचारलं तर उत्तर द्यायच्या.

वहिनींचं आणि त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं, आणि हीच खरी अडचण होती. लग्न झाल्यापासून दोघी एकमेकींशी भयंकर अदबीनं वागत आल्या होत्या. "वन्सं, चहा ठेवू का?" "तुम्हाला त्रास होणार नसेल तर ठेवा हो, वहिनी." "त्रास कसला, वन्सं!" वहिनींचा नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता, घरीसुद्धा मुद्रितांचे गठ्ठे घेऊन बसायचा. तो म्हणायचा, "तुम्ही दोघी बोलायला लागलात की मला शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटतं."

भंगारवाला आला. गोणपाट बाजूला करून त्यानं स्कूटरला चौफेर न्याहाळलं आणि हात घालणार तोच वहिनी जिन्यावरून खाली उतरल्या.

"थांबा. निदान झाल्याशिवाय मी काढू देत नाही."

"काय काढू देत नाही?"

"काहीच. दुखतंय कुठे ते कळायच्या आधी उपटून टाकायचं, ही कुठली पद्धत? दवाखान्यात मी कधी असं केलं नाही, घरात करणार नाही."

भंगारवाल्यानं स्कूटरकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि हळूच गालावर हात ठेवला. "तुम्ही दातांच्या डॉक्टर का हो? इकडे डावीकडे खाली चार दिवस झाले..."

"आ करा."

तो स्कूटर न्यायला आला होता. औषधाचं नाव कागदावर लिहून घेऊन गेला.

दवाखाना बंद केल्यापासून वहिनींच्या हातांना काम नव्हतं. आता त्यांनी माळ्यावरून स्टीलचे ट्रे काढले, चिमटे काढले, तोंडात घालायचा तो लांब दांड्याचा बारका आरसा काढला, पांढरा डगला चढवला आणि जिन्याखाली पाट मांडून बसल्या. थोड्या वेळानं वन्सं चौथ्या-पाचव्या पायरीवर येऊन टेकल्या. "मी नुसती बघते हं. मला त्यातलं काही आठवत नाही."

वहिनींनी टाकीचं झाकण उघडलं आणि नाक लावलं. पेट्रोलचा तो झणझणीत वास नव्हताच. जुन्या कपाटासारखा, व्हार्निशसारखा आंबूस वास होता. टाकीत आरसा घालून त्यांनी टॉर्च मारला.

"तळाला कीड लागलीय."

"गंज म्हणतात त्याला," वन्सं पायरीवरून म्हणाल्या.

"आमच्यात कीडच म्हणतात."

वन्संच्या नाकातून एक आवाज आला. हसण्याचा होता असं म्हणवत नाही, पण त्याच कुळातला होता.

टाकी उतरवली, जुनं पेट्रोल काढून टाकलं, आत व्हिनेगर ओतलं आणि मूठभर नटबोल्ट टाकले. आता ती हलवायची होती. वहिनींनी हलवून पाहिली; हात भरून आले. मग वन्सं उठल्या. "असं नाही हो. कंबरेतून हलवायला हवं. एक-दोन, एक-दोन!" शाळेच्या मैदानावरचा आवाज होता तो. दोन बाजूंनी टाकी धरून दोघी अंगणात झुलायला लागल्या. खडखडखड, खडखडखड! तळमजल्यावरचा शिंपी मशीन थांबवून दारात आला. तो नाटकवाल्यांचे पोशाख शिवायचा, त्यामुळे विचित्र दृश्यांची त्याला सवय होती, पण पांढऱ्या डगल्यातली डॉक्टरीणबाई आणि तिची नणंद एकाच डब्याभोवती नाचताना त्यानंही पाहिल्या नव्हत्या. वर खिडकीत वहिनींचा नवरा कानात कापूस घालून मुद्रितं तपासत होता.

टाकीतून लाल पाणी निघालं, मग तांबूस, मग स्वच्छ.

पुढे प्लग. वन्संना काही आठवत नव्हतं ना? पण वहिनींनी चुकीचा पाना उचलल्याबरोबर, पुन्हा पायरीवर जाऊन बसलेल्या त्या तिथूनच ओरडल्या, "तो नाही, लांब नळीचा!" आणि मग पायरीवर बसणं सुटलंच. प्लग बाहेर काढायचा, वायरीला जोडलेला ठेवूनच इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. टोकाशी ठिणगी पडली तर जीव आहे. वहिनींनी दवाखान्यातले रबरी हातमोजे घालून प्लग धरला. वन्संनी किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काळोख.

"पल्प मेलाय, आतली नस," वहिनी म्हणाल्या.

"वायर तुटली असेल."

"तेच ते."

तेच निघालं. इंजिनाच्या बाजूला गोल पंख्यासारखं जड मॅग्नेट असतं, त्याच्यामागे एक वाटोळी प्लेट. वीज तयार होते ती तिथे. मॅग्नेट उतरवताना दोघींना घाम फुटला. प्लेटमागची एक वायर खरोखरच कडक होऊन तुटली होती. प्लेट सोडवून वहिनींनी ती वर स्वयंपाकघरात नेली, भिंग लावलं आणि दाताचा सगळ्यात अरुंद कप्पा भरताना धरायच्या तसा श्वास धरून नवी वायर जोडली. प्लेटवरचे वीज जोडणारे-तोडणारे पॉइंट काळे पडले होते, ते बारीक पॉलिश-पेपरनं घासून चकचकीत केले. आल्या तशा खाली गेल्या, प्लेट जागेवर ठेवली, तिचे स्क्रू आवळले, मॅग्नेट चढवलं आणि म्हणाल्या, "मारा."

वन्संनी मारली. प्लगच्या टोकाशी टच्चकन एक निळी ठिणगी उडाली.

"निळी!" वन्सं किंचाळल्या.

"निळी!" वहिनी किंचाळल्या.

"काय निळी?" वरून नवरा घाबरून ओरडला. कापूस त्यानं काढलेला होता.

कार्बोरेटर तर वहिनींनी ट्रेमध्येच उघडला. पेट्रोल ज्या पितळी छिद्रातून जातं, त्या जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चीक वाळून बसला होता. वन्सं तार घालायला निघाल्या तसा वहिनींनी त्यांचा हात धरला. "तार नको, छिद्र मोठं होईल." त्यांनी टूथब्रशचा एक केस कापला, तो आत घातला, हळूहळू फिरवला आणि पिचकारीनं फुंकर मारली. उजेडाकडे धरलं तर छिद्रातून आकाशाचा बारीक ठिपका दिसला.

"वहिनी, दात करताना तुम्ही अशाच जीभ बाहेर काढून बसता?"

"मास्क असतो म्हणून कुणाला दिसत नाही."

आता वन्सं हसल्याच. अगदी उघड, पोट धरून. वहिनींनी त्यांना इतक्या वर्षांत कधी इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं की खालच्या ओळीत वन्संचा एक दात किंचित तिरका आहे आणि तो छान दिसतो.

मग एकदाची ती वेळ आली. ताजं पेट्रोल आणलं, त्यात वन्संनी अंदाजानं नव्हे, मापानं ऑइल मिसळलं. "हिच्या इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमधूनच पाजावं लागतं. विसरलात तर जाम होईल." स्कूटर अंगणात मधोमध आणली. नवरा खाली आला. शिंपी खुर्ची घेऊन बसला. त्याच्या दोरीवर ताजे धुतलेले पोशाख वाळत होते: दोन राक्षस, एक दासी आणि राजाचा जरीचा झगा.

वन्संनी जुनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, चोक ओढला आणि किक मारली. फुस्स. दुसऱ्यांदा मारली. फुस्स. तिसऱ्यांदा मारली तशी किकनं उलट असा दणका दिला की वन्सं एका पायावर उडाल्या.

"लाथ मारली हिनं मला!"

"लागलं का हो?"

"लागलं तर! पण पूर्वी कधी मारत नव्हती," असं म्हणत वन्संनी चिडून आणखी एक किक मारली, आणि स्कूटर चालू झाली.

धूर इतका निघाला की शिंपी खुर्चीसकट दिसेनासा झाला. आवाज जरा घोगरा होता, अडखळता होता, पण इतकी वर्षं तोंड मिटून बसल्यावर कुणाचा घसा बसत नाही? वहिनींनी नवऱ्याला मिठी मारली, त्याच्या शर्टावर दोन्ही पंजे काळे उमटवले. "चालली! अहो, चालली!"

वन्सं बसल्या. पाठ ताठ, नजर समोर फाटकाकडे. क्लच दाबला, डाव्या मुठीनं पहिला गिअर टाकला, मान झुकवून सगळ्यांचा निरोप घेतला आणि क्लच सोडला.

स्कूटर मागे निघाली.

नुसती घरंगळली नव्हे, निघाली. जोरात. वन्संचं तोंड फाटकाकडे आणि त्या चालल्यात भिंतीकडे. एखादी बोट धक्क्यावरून सुटावी आणि कप्तान अजून किनाऱ्यालाच हात करत असावा तशा त्या सरळ बसून मागे मागे जात होत्या. घाबरून त्यांनी मूठ आणखी पिळली, त्यामुळे वेग वाढला. नवरा पुढे धावला; पण स्कूटर तिकडे नव्हतीच, ती उलट्या दिशेला होती, म्हणून तो वळून धावला. शिंप्यानं खुर्ची उचलली आणि स्वतः खुर्चीतच अडकून उभा राहिला. दोरीवरचे राक्षस गेले, दासी गेली, आणि राजाचा झगा वन्संच्या डोक्यावरून अंगावर उतरला.

"अगं क्लच दाब!" वहिनी जिवाच्या आकांतानं ओरडल्या. "क्लच दाब ना, बये! अगं, भिंत आली!"

वन्संनी क्लच दाबला, ब्रेक दाबला. मागचं चाक भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबलं. इंजिन अजून फटफटत होतं. जरीच्या झग्यातून एक हात बाहेर आला आणि त्यानं चावी बंद केली.



वहिनी धावत जवळ गेल्या. झगा वर केला. आत हेल्मेट होतं, हेल्मेटच्या आत वन्सं होत्या, आणि त्या थरथरत होत्या.

"वन्सं! लागलं का? बोला ना! घाबरलात का?"

वन्संना बोलता येईना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनींनी वाकून हेल्मेटमध्ये पाहिलं. मग त्यांना दिसलं की तो तिरका दात पूर्ण उघडा पडलाय, आणि बाई हसून हसून गुदमरतेय.

"बये म्हणालीस मला," वन्सं कशाबशा बोलल्या. "अगं म्हणालीस!"

"घाईत तोंडातून गेलं हो..."

"आता हो कसला? परत म्हण!"

"अगं, उतर खाली, इंजिन तपासायचंय."

"उतरत नाही. पुन्हा एकदा जायचंय मला."

"पुन्हा? उलटं?"

"आख्ख्या जगात मागच्या मागे स्कूटर चालवणारी बाई कुणी पाहिलीय? दुसऱ्या गिअरमध्ये बघू!"

वहिनी डॉक्टर होत्या, जबाबदार बाई होत्या, अशा गोष्टींना त्या नाही म्हणाल्या असत्या. पण त्यांनी फाटक बंद करून घेतलं, शिंप्याला आणि त्याच्या खुर्चीला कोपऱ्यात उभं केलं, आणि म्हणाल्या, "भिंतीपाशी मी उभी राहते. हात वर केला की थांबायचं."

दोन-तीन किकांनी लाथ मारली, पुढच्या किकेला इंजिन पुन्हा घोगऱ्या आवाजात सुरू झालं. वन्सं मान मागे वळवून निघाल्या. पहिला गिअर मागे. दुसरा गिअर मागे. अंगणाच्या कडेकडेनं त्यांनी आख्खी फेरी घातली, खांद्यावरून झगा लोंबतोय, ओठांतून शिट्टी वाजतेय. वरच्या मजल्यांच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वहिनी हात वर करायच्या तर पोट धरून भिंतीला टेकून खाली बसल्या, हसण्यानं त्यांचा दम संपला होता.

"चारही गिअर उलटे आहेत गं!" वन्सं शेजारून जाताना ओरडल्या. "चारही!"

निदान शेवटी नवऱ्यानं केलं. फेरी संपून स्कूटर थांबली तरी इंजिन चालूच होतं, आणि तो तिच्या बाजूला उकिडवा बसून मॅग्नेटच्या झाकणाकडे टक लावून पाहत होता. आयुष्यभर एकेका ओळीत उलटी वेलांटी शोधलेला माणूस.

"अगं, इथे झाकणावर बाण छापलाय," तो म्हणाला. "बाण इकडे आहे. पंखा तिकडे फिरतोय."

वहिनी ताडकन उठल्या. हसू पळालं. त्यांनी चावी बंद केली, मॅग्नेट पुन्हा उतरवलं आणि बारका आरसा आत घातला. प्लेटच्या कडेला, काजळीखाली, एक बारीक रेघ कोरलेली होती. तशीच एक इंजिनाच्या अंगावर होती. दोन्ही रेघा समोरासमोर यायला हव्या होत्या. वहिनींनी प्लेट काढली तेव्हा खूण करून ठेवलीच नव्हती, आणि परत बसवताना ती खाचेत पार टोकाला सरकली होती.

"ठिणगी फार आधी पडतेय," त्या हळूहळू म्हणाल्या, कारण बोलता बोलताच त्यांना उलगडत होतं. "पिस्टन वर यायच्या आधीच भडका उडतो आणि त्याला मागे ढकलतो. म्हणून किक लाथ मारते. आणि एकदा का उलटं फिरायला लागलं, की हे इंजिन उलटंच चालत राहतं. याला सुलट-उलट सारखंच." त्यांनी कपाळाला हात लावला आणि कपाळही काळं केलं. "चूक माझी. पेशंट उलटा शिवला मी."

"काय बाई डॉक्टर मिळाली मला," वन्सं म्हणाल्या, आणि स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला.

रेघेसमोर रेघ आली. स्क्रू आवळले. या वेळी दुसऱ्याच किकेला, लाथबिथ न मारता, इंजिन सुरू झालं. आवाज गोल, मऊ, एकसारखा. गॅलऱ्यांमधून "अरेरे" असा सूर निघाला. लोकांना ती सरळ जाणार याचं वाईट वाटत होतं. शिंप्यानं झगा परत मागितला, उसवलेली शिवण पाहिली आणि म्हणाला, "राहू दे, राजा तिसऱ्या अंकात लढाईतून येतो, फाटकाच बरा."

"बस मागे," वन्सं म्हणाल्या.

"मी? अगं, डगला घातलाय, तोंड काळं..."

"बस म्हणते ना."

वहिनी नवऱ्याचं हेल्मेट घालून बसल्या. नवऱ्यानं फाटक उघडलं. "कोपऱ्यापर्यंत जाऊन या," तो म्हणाला, "म्हणजे अंदाज येईल."

दोघी कोपऱ्यापर्यंत गेल्या. कोपरा संपला तरी गेल्या. बाजाराच्या रस्त्यानं, कौलांच्या गोदामांवरून, जिथे घरं विरळ होत जातात आणि चढ लागतो तिथून पुढे. चढावर इंजिन एकदा गुरगुरलं. दोघींनी एकदमच कान टवकारले आणि दोघींनी एकाच वेळी "चोक!" असं ओरडून तिकडे हात घातला. चोक अर्धवट राहिला होता. तो ढकलल्यावर स्कूटर अशी सुटली की वहिनींचा पांढरा डगला मागे शिडासारखा फुगला.

चढाच्या माथ्यावर वन्सं थांबल्या आणि उतरल्या. "आता तू चालव."

"मला येत नाही!"

"मला तरी उलटी कुठे येत होती?"

संध्याकाळ व्हायला आली तेव्हा मुद्रितशोधकाचा फोन वाजला. त्यानं कागदांच्या ढिगातून तो शोधला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट होता आणि दोघी एकदम बोलत होत्या.

"कुठे आहात? बिघडली का?"

"नाही ना!" बायको ओरडली. "बिघडतच नाही! थांबायला काही कारणच सापडेना. पुढचं गाव आलं की हो. मी तिसऱ्या गिअरमध्ये होते, अहो, तिसऱ्या! ताईला विचारा."

"ताई? तू कधीपासून तिला ताई म्हणायला लागलीस?"

"म्हणजे वन्सं हो. थांबा, ती फोन घेतेय. अगं, तू सांग. अगं, आधी हसायचं थांब, मग सांग!"

पलीकडून नुसतं हसू ऐकू येत राहिलं. त्यानं बराच वेळ फोन कानाला धरून ठेवला. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यानं स्वतःसाठी चहाचं आधण ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत तिथेच उभ्या उभ्या हसत राहिला.